पान दोनशे आठच्या पुढे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज दुकानात वाचनालय सुरू केलं. वाचनालय हा फार मोठा शब्द झाला. लॅमिनेशनच्या मशीनवरची फळी पुसली आणि तिच्यावर तेवीस पुस्तकं उभी केली, एवढंच. पण सकाळपासून मी अशी काही हवेत आहे की एका माणसाला आधार कार्डाची एक झेरॉक्स हवी होती, त्याला अकरा काढून दिल्या. तो म्हणाला, "ताई, येवढी मान्सं न्हाईत आमच्या घरात."

पुस्तकं समोरच्या सोसायटीतून आली. एक बिऱ्हाड बंगळुरूला निघालं होतं, त्यांनी पोतं पायरीवर टेकवलं आणि "ठेवा, नाहीतर रद्दीत द्या" म्हणून निघून गेले. चौदा वर्षं मी वराळ्याच्या चौकात 'पडवळ झेरॉक्स व टायपिंग' चालवतेय. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्रं, वारस नोंदीचे अर्ज. एवढा कागद हातातून गेला, पण त्यात पुन्हा वाचावंसं वाटेल असं एक पान नव्हतं. पोतं सोडलं आणि तिथंच फतकल मारून बसले. दोन गिऱ्हाइकं उभी राहून निघून गेली, जाऊ देत.

नियम एकच. शेवट फोडायचा नाही. परीक्षेचा पेपर फोडतात ना, तसा पुस्तकाचा शेवट फोडायचा नाही. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कोरा कागद चिकटवलाय. वाचून झालं की त्यावर चार ओळींचं टिपण लिहायचं: काय आवडलं, कुठे कंटाळा आला, कुठे झोप उडाली. पुढच्यानं ते वाचून पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायचं. शेवटाबद्दल मात्र चकार शब्द नाही, लिहायचा नाही आणि बोलायचाही नाही. जो फोडेल त्याला 'भातावरील रोग व त्यांचे निवारण' हे दोनशे बारा पानांचं पुस्तक वाचून त्यावरही टिपण लिहावं लागेल. तशी पाटी छापून लावली.

हा नियम सुचला आमच्या राजेंद्रवरून. (तोंडावर 'अहो', पण डायरीत मी नावानंच लिहिणार.) लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमाला मध्यंतरात माझ्या हातात वडापाव देत हा म्हणाला होता, "त्यो डॉक्टर हाय ना, त्योच हाय समद्याच्या मागं." एकवीस वर्षं झाली, मी विसरलेले नाही. वर म्हणतो, "तू घाबरू नये म्हनून सांगितलं." जवळच्या नवलाख उंबरे गावी कंपनीत मशिनं दुरुस्त करतो. गोष्टसुद्धा झाकण उघडून आत काय आहे ते दाखवायची वस्तू आहे, असं त्याला वाटतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सहा पुस्तकं गेली! सहा!

अंबाजी आबांचं भात झोडून झालंय. सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले आणि फळीकडे बघत बसले. "ह्यात चित्रं न्हाईत व्हय?" नाहीत म्हटलं. "मंग मान्सं कशी वळकायची?" म्हटलं आबा, बोलण्यावरून ओळखायची. ते पटलं त्यांना. एक घेऊन गेले.

सारिका पण सभासद झाली. ती कंपनीत पॅकिंगला आहे, बसमध्ये जाता-येता दीड तास जातो. ती मोठ्यानं वाचणार आणि बाकीच्या बायका ऐकणार, असं ठरलंय. म्हणजे एका सारिकामागे वीस वाचक. मी वेगळी वही केली.

८ नोव्हेंबर, शनिवार

चंद्रिकाबाई आल्या होत्या! माझ्या दुकानात!

बाई म्हणजे नववी-दहावीला तळेगावात आम्हाला मराठी शिकवायच्या त्या. निवृत्त होऊन इथल्याच नव्या सोसायटीत राहायला आल्यात, मला पत्ताच नाही. पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याची प्रत हवी होती. मला ओळखलं. "अनिता ना? 'आणि' लांब 'णी' काढून लिहायचीस." सत्तावीस वर्षांनी! फळी बघितली, पाटी बघितली, म्हणाल्या, "नियम चांगला आहे. चिकटून राहा त्याला." मग पर्समधून पेन्सिल काढून पाटीवरचा एक ऱ्हस्व दीर्घ केला.

आता लिहितेच. दहावीत मी एक गोष्ट लिहिली होती. सोळा पानी. बाईंना दाखवायची म्हणून महिनाभर दप्तरात घेऊन फिरले आणि शेवटी बंबात घातली. मला लिहायचं होतं. आजही लिहायचंय. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, राजेंद्रलाही नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी टायपिंगवाल्या बाईनं असं बोलून दाखवलं तर लोक 'बरं आहे ना?' असं विचारतात.

९ नोव्हेंबर, रविवार

पोत्यातली 'काळी छत्री' संपवायला घेतली. कशी गोष्ट आहे! लोणावळ्यातला एक बंगला, आतून कडी लावलेली खोली, खोलीत काकासाहेब मरून पडलेले आणि कोपऱ्यात एक छत्री. छत्री ओली, आणि आठवडाभर पाऊस नाही! संशय चौघांवर: पुतण्या, स्वयंपाकीण, डॉक्टर आणि काकासाहेबांची धाकटी बायको. भाजी करपली, दुसरी टाकली, तीही करपली. राजेंद्रनं मुकाट्यानं दही-भात कालवून खाल्ला. पान दोनशे आठवर इन्स्पेक्टर बोकील चौघांना दिवाणखान्यात बसवतात, सगळ्यांकडे एकदा बघतात आणि 'त्यांनी सावकाश ती छत्री उघडली. आत'

संपलं. 'आत' च्या पुढे पुठ्ठा! पानंच नाहीत! कोणीतरी फाडलीत, दोऱ्याला कपटे लटकताहेत. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची शेळी ओरडायला लागली.

१० नोव्हेंबर, सोमवार

बंगळुरूवाल्यांना फोन केला. त्यांना पुस्तक आठवत नाही, शेवट तर नाहीच. लेखकाचं नाव वाळवीनं खाल्लंय. नेटवर काही सापडत नाही.

आता पंचाईत बघ. मी परवाच अख्ख्या चौकात सांगून बसलेय की 'काळी छत्री' म्हणजे काय चीज आहे. आबांचा पहिला नंबर लागलाय, मागे सारिका, आणि तिच्यामागे चौघं. अपूर्ण आहे म्हणून बाजूला ठेवायला हवं होतं. कोणीही शहाण्या बाईनं तेच केलं असतं.

पण दुपारी एक भाडेकरार टाइप करता करता मला एकदम दिसलं छत्रीत काय होतं ते. स्पष्ट दिसलं! भाडेकरूच्या नावाच्या जागी मी 'बोकील' टाइप केलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेवट लिहून झाला. आठ पानं. दोनशे नऊ ते दोनशे सोळा.

तीन दिवस मी काय खाल्लं मला माहीत नाही. गिऱ्हाईक गेलं की लिहायचं, आलं की फाइल खाली ढकलायची. खुनी कोण ते मी इथं लिहीत नाही. नियम म्हणजे नियम, डायरी झाली म्हणून काय झालं. पण काय जमलंय म्हणून सांगू! छत्री उघडल्यावरचं वाक्य बघ: 'सदर छत्रीमध्ये खालीलप्रमाणे वस्तू मिळून आल्या.' काय वजन आहे! आणि कबुलीच्या जागी तर मी टाइप करता करता रडले. 'मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता कबूल करतो/करते, की सदर काकासाहेबांवर माझे प्रेम होते.' (करतो की करते ते इथं फोडत नाही.) खुनी असा सरळ उभा राहून बोलतो, तेव्हा काळजात कळ येते. एकदम पुस्तकी झालंय. मी लिहिलंय असं कोणाला खरं वाटणार नाही.

आता जुनं दिसायला हवं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पानं चहात बुडवली. दुकानात मी नेहमी करते तोच गवती चहा, दुधाशिवाय. पंख्याखाली वाळवली. रंग असा आलाय की मूळ पानांशेजारी ठेवली तर मलाच ओळखू येईना. डिंकानं आत बसवली, वर वजन म्हणून भातावरचे रोग ठेवले.

संध्याकाळी आबा घेऊन गेले. मी हसत हसत दिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आबांनी आज पुस्तक आणून दिलं. मी तोंडाकडे बघतेय. आबा माझ्या तोंडाकडे बघताहेत.

म्हटलं, "आबा, कसं वाटलं?"

"ब्येस."

"सगळं?"

"समदं." मग मिशीत हसले. "ह्या लेखकाचं गाव कंचं म्हनायचं?"

म्हटलं माहीत नाही, पुण्याचा असेल. "व्हय, आसंल, आसंल," म्हणाले आणि एवढे हसले की ठसका लागला. मी पाणी दिलं. मग इतकी चिडले! मी काही विनोदी लिहिलेलं नाही. म्हटलं, "शेवटाला हसू आलं का तुम्हाला?" तर म्हातारा लगेच पाटीकडे बोट दाखवतो. "शेवटाचं काय इचारू नगंस. फोडायचा न्हाई. मला न्हाई वाचायचं त्ये भातावरच्या रोगाचं. जल्मभर त्येच बघितलंय."

त्यांचं टिपण: 'पुस्तक चांगले आहे. शेवट वाचून मी घरातली सगळी कागदे पुन्हा काढून वाचली.' याचा अर्थ काय? वय झालंय, दुसरं काय.

पण ही कसली शिक्षा मी माझ्याच हातानं लावून घेतलीय! जन्मात पहिल्यांदा मी लिहिलेलं कोणीतरी वाचलंय आणि मला विचारता येत नाही की कसं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सारिकानं वाचली. म्हणजे अख्ख्या बसनं ऐकली. ड्रायव्हरनं म्हणे कंपनीच्या गेटबाहेर गाडी चार मिनिटं उभी केली, शेवटची दोन पानं राहिली होती म्हणून.

मी जाळं टाकून बघितलं. "शेवटी शेवटी जरा लांबलंय, नाही?" तर ती डोळे मिचकावून म्हणते, "ताई, तुमीच पाटी लावलीय आन् तुमीच फोडाया लावताय व्हय?"

टिपण: 'लय रडले. साक्षीदार कमी पडत असतील तर माझी सही घ्या. शेवटच्या पानांना चहाची तल्लफ आली.' साक्षीदार कशाला? पोरीला कामाचा ताण आहे.

पण रडली! रडली ना! मी आज शटर ओढताना गाणं म्हणत होते, समोरच्या मेडिकलवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यादीत आता सतरा नावं. एक बाई तर तळेगावातून आल्या. बसमध्ये ऐकलेल्यांपैकी जी येते ती हसते आणि एकच विचारते: "ह्याच लेखकाचं दुसरं काही आहे का?" नाही म्हणून सांगते. लोक म्हणतात, "येईल, येईल."

राजेंद्रनंही वाचलं, चार दिवस घेतले. मी वाट बघत होते की हा आता जेवताना फोडणार. याच्याइतका नेमानं शेवट फोडणारा माणूस मावळात नसेल. पण जेवला, ताट उचललं, म्हणाला, "बरी हाय." एवढंच! नक्की शेवटपर्यंत वाचलेलं नाही. आळशी. टिपणाच्या कागदावर नुसती सही केलीय. आणि आज कंपनीतून येताना उगीचच दोन जाड वह्या घेऊन आला, दोनशे पानी. कशाला विचारलं तर "असू द्या, लागतील." वह्या काय भाजी आहे का, असू द्यायला? कपाटात टाकल्या.

१ डिसेंबर, सोमवार

मेले.

चंद्रिकाबाई आल्या आणि 'काळी छत्री' उचलली. वर सहज म्हणाल्या, "ही मी वाचलीय गं. तीसेक वर्षं झाली. शेवट आठवत नाही नीट, पण वाचायला लागले की आठवेल." मी म्हटलं, बाई, दुसरं घ्या, हे फार साधं आहे. "साधं असू दे." वर आणखी: "बेगडेवाडीला माझ्या बहिणीकडे हिची एक प्रत असावी. बघते."

प्रत! पूर्ण प्रत!

४ डिसेंबर, गुरुवार

काम सुचत नाही. एका अर्जावर अर्जदाराचं वय १४३ टाइप केलं.

मला नुसती लाज वाटत नाही, भीती वाटते. लोक माझ्याकडे काय काय घेऊन येतात! जमिनीचे उतारे, मृत्यूचे दाखले, सख्ख्या भावांची भांडणं. माझ्यासमोर रडतात, आणि मी टाइप केलेलं न वाचता सही करतात. "तू केलंयस म्हंजी बराबर आसंल." चौदा वर्षांत मी एक तारीख मागेपुढे केली नाही, कोणी कितीही हात जोडले तरी. आणि आता काय? पुस्तकात बनावट पानं घातली. चहात बुडवून जुनी केली! असं करणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, तसल्या तक्रारी मीच टाइप केल्यात. बाई उद्या दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवतील. मग माझ्या हातचा कागद कोण खरा मानील?

आणि याहून वाईट गोष्ट: खरा शेवट माझ्यापेक्षा चांगला असला तर?

७ डिसेंबर, रविवार

ठरवलं, जाऊन कबूल करायचं. बोलायला जमणार नाही म्हणून लिहून नेलं. लिहिलेलं वाचून बघितलं तर 'कारणे कबुलीजबाब लिहून देते ऐसा जे' अशी सुरुवात झालेली. फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मला दुसरं लिहिताच येत नाही की काय? तसंच घेऊन गेले.

बाईंच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मॅडम सकाळच्या लोकलनं बेगडेवाडीला गेल्यात, बहिणीकडे."

येताना चौकात आबा, सारिका आणि राजेंद्र घोळका करून बोलत होते. मला बघितल्यावर गप्प झाले. राजेंद्र म्हणाला, "गावच्या पान्याचं बोलतोय." सारिकाच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे बोअरवेल आहे, तिला कशाला पाणी?

९ डिसेंबर, मंगळवार

बाईंनी पुस्तक अजून दिलेलं नाही. रस्त्यात दिसल्या, हात केला आणि पुढे गेल्या. मी दहावीतली असल्यासारखी विजेच्या खांबामागे जाऊन उभी राहिले.

राजेंद्रला सांगावं असं दोनदा वाटलं. "अहो," म्हटलं, "माझ्या हातून एक झालंय." तर हा म्हणतो, "शनिवारी बोलू." नवरा आहे का सरकारी कचेरी?

१३ डिसेंबर, शनिवार

अक्षर बघू नकोस. वाचता येईल एवढं लिहिते.

दुपारी चारला चंद्रिकाबाई, आबा आणि सारिका एकदम दुकानात आले. मागे पायरीवर आणखी आठ-दहाजण, सगळे सारिकाच्या बसमध्ये 'काळी छत्री' ऐकलेले. बाईंच्या हातात पिशवी. मला कळलं की आलं आता.

मी उठून म्हटलं, "बाई, मला काही सांगायचंय."

"बस खाली," आबा म्हणाले. "काम घेऊन आलोय. येक प्रतिज्ञापत्र करायचंय."

"आबा, आधी माझं ऐका..."

"गिऱ्हाईक हाय का न्हाई मी? टाइप कर."

बसले. चौदा वर्षांची सवय, कोणी सांगायला लागलं की बोटं आपोआप चालतात. आबांनी खाकरून सुरुवात केली. लिहून देणार अंबाजी धोंडिबा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शेती. सारिकानं तिचं सांगितलं, धंदा नोकरी. बाईंनी त्यांचं. पायरीवरच्यांनी एकेक करून आपापलं. लिहून घेणार कोण ते 'मागनं सांगतो.' माझ्याविरुद्ध तक्रार आहे आणि ती मलाच टाइप करायला लावताहेत, हे माझ्या लक्षात आलं. म्हटलं बरोबर आहे. होऊ दे. अक्षर न चुकता टाइप करायचं.

"आम्ही राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं," आबा सांगत होते, "सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो, की 'काळी छत्री' ह्या पुस्तकाची पान नंबर दोनशे नऊ ते दोनशे सोळा, ही सदर पानं..."

माझी बोटं थांबली. स्क्रीन दिसेना.

"थांबू नगंस. ही सदर पानं बनावट नसून अस्सल हायेत. त्ये वाचून-ऐकून आमी हासलो बी आन् रडलो बी. सदर पानं सौभाग्यवती अनिता राजेंद्र पडवळ, राहणार वराळे, हिनं लिव्हल्याचं आमाला पहिल्याच वळीला कळलं व्हतं."

मी वर बघितलं. सगळे हसत होते.

"पहिल्या ओळीला?" मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"सदर छत्री!" सारिका ओरडली. "ताई, अख्खी बस एकदम बोलली, ह्या तर आपल्या टायपिंगवाल्या अनिताताई!"

आबा म्हणाले, "माझ्या वाटनीपत्रात भाऊ जसा बोललाय, तसाच खुनी बी बोलतोय. राजीखुशीनं खून कबूल करनारं मानूस वराळ्याबाहीर कुटं घावंल? आन् पानांना तुज्या चहाचा वास!"

"मग बोलला का नाहीत कोणी?" मी रडत होते आणि भांडतही होते.

"बोलायचं कसं? तुजाच नियम. शेवटाबद्दल चकार शबूद न्हाई."

आता बाई पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. दुसरी 'काळी छत्री', अगदी शेवटच्या पानापर्यंत. काउंटरवर ठेवली. "मूळ शेवट यात आहे. परवा पुन्हा वाचला. तो काय आहे ते मी फोडणार नाही. फक्त एवढंच सांगते, तो मी एकदा साफ विसरले होते, आणि आता पुन्हा विसरेन. तुझा नाही विसरणार." मग त्यांनी दुकानातली प्रत उघडून दाखवली. माझ्या आठ पानांत पेन्सिलीनं चौदा 'सदर' खोडलेले होते. मी मोजले. बाकी एका शब्दाला पेन्सिल लागलेली नव्हती, 'आणि' लासुद्धा नाही. "काकासाहेबांवर माझे प्रेम होते, या वाक्यातला मात्र राहू दिला," त्या म्हणाल्या. "तो काढायला हात होईना. कुठे लपवून ठेवलं होतंस गं हे सगळं?"

मी बंबाचं सांगितलं. सोळा पानांचं. सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही.

मग दारातून आवाज आला, "येक मुद्दा ऱ्हायला." राजेंद्र. पाळी सोडून आलेला, कंपनीच्या गणवेशात, हाताला ग्रीस. मी टाइप करण्याच्या अवस्थेत नव्हते, तर सारिकानं मला खुर्चीतून उठवलं आणि एका बोटानं अक्षरं शोधत बसली. तो थांबून थांबून सांगत होता, तिचं बोट पोचेपर्यंत. "लिहून घेणार हिनं... आजपर्यंत समद्या गावाचं लिव्हलं... आता येका गोष्टीची सुरुवात... स्वतःची... लिहून द्यावी. आमी वाट बघतोय." मग कानाची पाळी खाजवत म्हणाला, "शेवटापत्तूर वाचली व्हती मी. दोनदा."

प्रिंट काढली. अकराजणांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मेडिकलवाला आला, त्याला काय चाललंय ते अजून कळलेलं नाही. 'लिहून घेणार' समोर जागा मोकळी होती. मी रोज इंग्रजीत अर्धवट सही ठोकते, आज पूर्ण नाव लिहिलं, मराठीत. खाली सवयीनं शिक्का मारायला घेतला, तर बाईंनी हात धरला. "यावर शिक्का नको."

सगळे गेल्यावर मी काउंटरवरच लिहायला बसले. राजेंद्र बाहेर पायरीवर बसून चहा पितोय, आत येत नाही, वाकूनही बघत नाही. माझं लिहून होईपर्यंत तो तिथून हलणार नाही. काय लिहिलं ते सांगत नाही. पहिल्या वाक्यात एकही 'सदर' नाही. दुसऱ्यात एक आलाय, आणि तो मी खोडणार नाहीये.